लांब केसांचे जर्मन शेफर्ड पिल्लू : आपल्याकडे ठेवावे की दुसऱ्या घरी द्यावे?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घरी गेली बरीच वर्षे जर्मन शेफर्ड पाळले जातात आणि अधूनमधून एखादे वेतही होते. गल्लीतली जुनी मंडळी या जातीला अजून अल्सेशियनच म्हणतात. ते नाव पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये रूढ झाले. तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, १९७७ मध्ये जर्मन शेफर्ड हे नाव पुन्हा मान्य केले, पण आपल्याकडे जुने नावच टिकून राहिले. वेतात एखादे लांब केसांचे पिल्लू निघाले की नवे पैदासकार आणि पिल्लू घ्यायला येणारे लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

लांब केसांचे पिल्लू आणि ‘डबल कोट’चे पिल्लू एकच का?

नाही, आणि बाजारातील बहुतेक गैरसमज याच शब्दापासून सुरू होतात. पिल्ले विकणारे ‘हा सिंगल कोट, हा डबल कोट, हा लाँग कोट’ अशा तीन पायऱ्या सांगतात आणि प्रत्येक पायरीला भाव वाढवतात. प्रत्यक्षात बहुतेक जर्मन शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वरचे राठ, पाणी निथळून टाकणारे केस आणि त्याखालची दाट, मऊ लोकर. म्हणजे आखूड केसांचा कुत्राही ‘डबल कोट’चाच असतो. लांब केसांच्या कुत्र्यात वरचे केस अधिक लांब वाढतात. कानांच्या आत आणि मागे, पायांच्या मागच्या बाजूला, मांड्यांवर आणि शेपटीला झुपके येतात.

लांब केसांच्या कुत्र्यांतही दोन प्रकार आहेत. एकात आतली लोकर शाबूत असते, तर दुसऱ्यात ती जवळजवळ नसते आणि केस रेशमासारखे मऊ असून पाठीवर भांग पाडल्यासारखे दोन्ही बाजूंना पडतात. हा दुसरा प्रकार ऊन, पाऊस आणि थंडी यांना कमी टिकतो. मोठ्या कुत्र्याची परीक्षा करायची असेल तर ती जानेवारीत करावी. पाठीवरचे केस दोन बोटांनी बाजूला केले की मुळाशी फिकट, लोकरीसारखा थर दिसला पाहिजे. होळीच्या सुमारास आपल्या भागात ही लोकर गळू लागते आणि मे महिन्यात चांगल्या कुत्र्याच्या अंगावरही ती फारशी सापडत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात केलेली परीक्षा फसवी ठरते.

आई आणि बाप दोघेही आखूड केसांचे असताना लांब केसांचे पिल्लू कसे निघाले? कुत्री दुसरीकडे लागली असेल का?

ही शंका इतक्या वेळा ऐकली आहे की याचे उत्तर नीट सविस्तर द्यावेसे वाटते, कारण तिच्यामुळे प्रामाणिक पैदासकारांची नाहक बदनामी होते.

केस किती वाढावेत हे ठरवण्यात एफजीएफ-५ या जनुकाचा मुख्य वाटा असतो. हे जनुक केसाला ‘आता वाढ थांबव’ असा निरोप देते. त्यात बदल झाला की निरोप पोहोचत नाही आणि केस वाढत राहतो. हा बदल अप्रभावी आहे, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच पिल्लाचे केस लांब होतात. एकच प्रत बदललेली असेल तर कुत्रा दिसायला आखूड केसांचाच राहतो, मात्र तो गुण पुढे देऊ शकतो. अशा कुत्र्याला वाहक म्हणतात.

दोन वाहकांची जोड लावली तर प्रत्येक पिल्लामागे लांब केसांची शक्यता चारात एक असते. आठ पिल्लांच्या वेतात सरासरीने दोन लांब केसांची निघतील, पण निसर्ग सरासरीने चालत नाही. अशा जोडीचे आठांचे वेत एकही लांब केसाचे पिल्लू न निघता होण्याची शक्यता साधारण दहात एक आहे. म्हणूनच ‘आमच्या कुत्रीच्या मागच्या वेतात एकही नव्हते, तेव्हा ती वाहक नाही’ हे म्हणणे टिकत नाही. शिवाय त्याच वेतातील आखूड केसांच्या प्रत्येक भावंडाच्या वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते, ही गोष्ट ते भावंड घेणाऱ्यालाही सांगितली पाहिजे.

लांब केसांच्या दोघांची जोड लावल्यास सगळी पिल्ले लांब केसांची होतात. लांब केसांची कुत्री आणि बदल अजिबात नसलेला नर यांची सगळी पिल्ले आखूड केसांची, पण सगळीच वाहक होतात. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर जनुकीय चाचणी करता येते आणि अंदाजाचा खेळ तिथेच संपतो. शंकेचे निरसन चाचणीने करावे. शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आळ घेऊ नये.

पिल्लाचे केस लांब होणार हे कोणत्या वयात कळते?

जन्मल्यावर सगळी सारखीच दिसतात. आमचा अनुभव असा की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हात आधी ओळखतो आणि डोळे नंतर. सकाळच्या उन्हात गच्चीवर पिल्ले सोडली की एकेकाला मांडीवर घेऊन कानाच्या मुळाशी अंगठा फिरवावा. आखूड केसांच्या पिल्लाची लव तिथे मखमलीसारखी चापून बसलेली असते, तर लांब केसांच्या पिल्लाची लव कापसासारखी विस्कटलेली लागते. बोटांच्या बेचक्यांतून केस बाहेर डोकावू लागतात. सहाव्या आठवड्यापर्यंत फरक बहुधा कोणालाही दिसतो. त्याआधी कोणालाही ‘हे लांब केसांचे होईल’ असा शब्द देऊ नये.

लांब केस हा दोष आहे का?

उत्तर कोणाचे मानक, म्हणजे जातीचा कुत्रा कसा असावा याचे लेखी वर्णन, धरता यावर अवलंबून आहे. जर्मनीत १८९९ मध्ये मॅक्स फॉन श्टेफानित्स यांनी या जातीची संघटना उभी केली. पुढे बराच काळ लांब केस दोषात धरले गेले. २०१० मध्ये एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या १६६ क्रमांकाच्या (जर्मन शेफर्डच्या) मानकात बदल होऊन आतली लोकर असलेल्या लांब केसांना जातीचा दुसरा प्रकार म्हणून मान्यता मिळाली आणि प्रदर्शनांत त्यांचा वेगळा वर्ग आला. लोकर नसलेले लांब केस मात्र आजही दोषच आहेत. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात वरचे केस फार लांब असणे हा दोष आहे, पण तेवढ्यावरून कुत्रा बाद होत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया एफसीआयशी संलग्न आहे.

हे सारे प्रदर्शनाच्या रिंगणापुरते झाले. तब्येतीच्या दृष्टीने पाहिले तर लोकर असलेले लांब केस हा आजार नाही, व्यंग नाही आणि त्याने आयुष्य कमी होत नाही. केस लांब असलेली पिल्ले स्वभावाने मऊ असतात किंवा राखणीला कमी पडतात, असे जे सांगितले जाते त्यालाही आमच्या पाहण्यात काही आधार मिळालेला नाही. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे या भागात जर्मन शेफर्डकडे कामाचा कुत्रा म्हणून पाहण्याची सवय आहे. कामाच्या कुत्र्याचे नाक, धीर आणि हाडे पाहावीत. केसांची अडचण असते ती काटे-कुसळांची आणि उन्हाची, आणि ती खरी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

मग असे पिल्लू आपल्याकडे ठेवावे की द्यावे?

आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारतो : याच पिल्लाचे केस आखूड असते, तर आपण हे ठेवले असते का? उत्तर ‘होय’ असेल तर लांब केस हे ते देऊन टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर लांब केसांच्या देखणेपणासाठी ते ठेवू नये. पाच आठवड्यांचे लांब केसांचे पिल्लू अस्वलाच्या बछड्यासारखे गोड दिसते आणि त्या गोडव्यापुढे भलेभले पैदासकार आपली गणिते विसरतात.

आमच्या तारा नावाच्या कुत्रीला एका हिवाळ्यात सात पिल्ले झाली, त्यांत दोन माद्या लांब केसांच्या होत्या. सातव्या आठवड्यात स्वयंपाकघरात स्टीलचे ताट हातातून निसटून फरशीवर पडले. सगळी पिल्ले पांगली. त्या दोघींपैकी एक क्षणभर दचकली आणि लगेच मागे फिरून, ताट अजून गरगरत असतानाच त्याचा वास घेऊ लागली. दुसरी आईच्या पोटाखाली शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पहिली आम्ही ठेवली. दुसरी दतियाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या शांत घरी दिली आणि तिथे ती उत्तम रुळली. निवड धिटाईवर झाली होती. केस दोघींचे सारखेच होते.

दोन महिन्यांच्या वयात घेतलेला निर्णय मात्र अर्धाच असतो. खुब्याच्या सांध्याचे अधिकृत क्ष-किरण परीक्षण एफसीआयच्या पद्धतीनुसार कुत्रा किमान १२ महिन्यांचा झाल्यावर होते आणि खुबे वाईट निघाले तर ते जनावर पैदाशीतून वगळावेच लागते, मग केस कसेही असोत. त्यामुळे पैदाशीसाठी पिल्लू ठेवताना वर्षाने ते फक्त घरचा कुत्रा म्हणून राहील, याची तयारी आजच असली पाहिजे. ती तयारी नसेल तर पिल्लू ठेवू नये.

दुसरे म्हणजे आपले घर. आधीच चार कुत्री असतील आणि संध्याकाळी प्रत्येकाला पंधरा मिनिटेही मिळत नसतील, तर पाचव्याला ठेवणे म्हणजे त्याला पिंजऱ्याच्या हवाली करणे होय. एकाच वेतातील दोन बहिणी एकत्र ठेवण्याचा मोहही टाळावा. त्या एकमेकींत इतक्या गुंततात की माणसाकडे लक्षच देत नाहीत आणि मोठेपणी माद्यांची भांडणे विकोपाला जातात.

लांब केसांची कुत्री पैदाशीत वापरली तर पुढची पिढी बिघडेल का?

बिघडत नाही. तिची जोड चाचणी केलेल्या, बदल नसलेल्या नराशी लावली तर पिल्ले आखूड केसांची होतात. सगळ्या वाहकांना पैदाशीतून काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो आम्हाला घातक वाटतो. चांगले खुबे, शांत मन आणि मजबूत पाठ असलेली कुत्री केवळ एका केसाच्या जनुकासाठी बाद केली, तर आधीच मर्यादित असलेल्या रक्तात आणखी तंगी येते आणि खरे आजार डोके वर काढतात.

लांब केसांच्या पिल्लाची किंमत जास्त घ्यावी की कमी?

तीच घ्यावी, जी त्याच्या भावंडांची घेतली.

कमी किंमत लावली तर ते पिल्लू दुय्यम आहे असा निरोप घेणाऱ्याला जातो आणि स्वस्तात मिळालेल्या जनावराची हेळसांड फार लवकर सुरू होते. आपल्या शहरांत आज उलटाच प्रकार अधिक आहे : लांब केसांना मागणी आहे, म्हणून चढा भाव लावला जातो. एकदा चढ्या भावाची चटक लागली की लांब केसांच्या दोघांचीच जोड लावायची, खुबे तपासायचे नाहीत आणि कुत्रीला विसावाही द्यायचा नाही, हा क्रम ठरलेला आहे. ज्या पैदासकाराला जात जपायची आहे त्याने केसाला वेगळा भाव ठेवूच नये, असे आमचे ठाम मत आहे.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लांब केसांचा कुत्रा टिकेल का?

टिकतो, पण घरच्यांनी मेहनत घेतली तरच. मे-जूनमध्ये येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नौतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत रात्रीही भिंती तापलेल्या असतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि ते ४१ च्या पुढे गेले की जिवाला धोका असतो. हिरड्या विटेसारख्या लाल होणे, घट्ट लाळ गळणे, चाल अडखळणे ही लक्षणे दिसली तर अंगावर, पोटावर आणि जांघेत साधे गार पाणी ओतत, पंख्याखाली ठेवून, वेळ न घालवता पशुवैद्याकडे न्यावे.

फिरणे पहाटे सहाच्या आत आणि रात्री जेवणानंतर ठेवावे. डांबरी रस्त्यावर आपला तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पायही ठेवू नयेत. दुपारी कूलरच्या खोलीत फरशीवर जागा द्यावी. पावसाळा सुरू झाला की मात्र हाच कूलर त्रासाचा ठरतो, कारण दमट हवेत आतली लोकर वाळत नाही, कातडी लाल होऊन चिघळते आणि वरून केस असल्यामुळे ते दिसत नाही. आंघोळीनंतर किंवा पावसात भिजल्यावर लोकर मुळापर्यंत कोरडी झाली का, हे बोट घालून पाहावे.

उन्हाळ्यात मशीनने केस काढून टाकले तर बरे होणार नाही का?

नाही. आम्ही दिलेले एक पिल्लू दीड वर्षाचे झाल्यावर मे महिन्यात घरच्यांनी प्रेमापोटीच मशीनने पार भादरून आणले. आठवडाभरात पाठीची उघडी कातडी उन्हाने लाल झाली आणि पुढे केस आले तेही ठिगळासारखे, कुठे लोकर आणि कुठे राठ केस. पूर्ववत व्हायला वर्ष उलटले. ते पिल्लू देताना ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायची राहिली होती, ही आमची चूक होती आणि तेव्हापासून ती लेखी दिली जाते.

वरचे केस ऊन थेट कातडीवर येऊ देत नाहीत. काढायची असते ती आतली सुटलेली लोकर. होळीपासून महिना-दीड महिना रोज दाताळ्यासारख्या फणीने लोकर ओढून काढावी. तळव्याखालचे, बोटांमधले आणि शेपटीखालचे केस कात्रीने आखूड ठेवायला हरकत नाही.

रोजची निगा किती असते?

एरवी आठवड्यातून तीनदा, केस गळतीच्या दिवसांत रोज, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केसांचा एकेक पदर उचलून मुळापासून विंचरावे लागते. जटा आधी कानांमागे, मग काखेत आणि मांड्यांच्या मागे होतात.

गोचीड लांब केसांत दडून राहते आणि आपल्याकडे तिच्यामुळे होणारे एर्लिकिया व बबेसिया हे ताप कुत्र्यांचे प्राण घेतात, म्हणून कानांच्या आत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज बोटे फिरवावीत आणि पशुवैद्याने सांगितलेले औषध वेळेवर द्यावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास माळावरचे गवत वाळले की कुसळांचा त्रास सुरू होतो. कुसळाचे टोक भाल्यासारखे असते. ते केसांत अडकते, चालता चालता पुढे सरकते आणि बोटांमध्ये कातडी फोडून आत शिरते. कुत्रा एकाच पंजाला सारखा चाटू लागला तर तिथे दिवा धरून केस बाजूला करून पाहावे.

घेणाऱ्या घराला काय विचारावे?

आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुत्रा दुपारी एक ते पाच कुठे असेल?’ हा. उत्तरात गच्ची किंवा पत्र्याची शेड आली, तर ते घर कितीही सधन असले तरी लांब केसांचे पिल्लू तिथे देत नाही. मग विंचरणार कोण, हे नाव घेऊन विचारतो. ‘सगळे मिळून करू’ याचा अर्थ बहुधा कोणीच करणार नाही असा होतो. घरात कोणाला दमा आहे का, हेही विचारावे, कारण मार्च-एप्रिलमध्ये सोफ्यापासून वरणाच्या वाटीपर्यंत केस असतात. शक्य असल्यास त्या कुटुंबाला घरी बोलावून मोठ्या लांब केसांच्या कुत्र्याला त्यांच्याच हातून विंचरून घ्यावे. अर्ध्या तासात माणसे ओळखू येतात.

कायद्याने काय बंधने आहेत आणि कागदावर काय लिहावे?

श्वान पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदासकाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ८ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि १८ महिन्यांच्या आतल्या कुत्रीपासून पैदास करता येत नाही. हे नियम लांब आणि आखूड अशा सगळ्या पिल्लांना सारखेच लागू आहेत.

करारात पिल्लाचे केस लांब आहेत, आतली लोकर आहे किंवा नाही, आईबापांच्या चाचण्या व खुब्यांचे निकाल आणि मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा) क्रमांक लिहावा. पैदाशीसाठी दिले नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. सर्वांत महत्त्वाचे कलम हे की कुत्रा कोणत्याही वयात ठेवणे अशक्य झाले तर तो आधी आपल्याकडे परत येईल.

परत आलेल्या कुत्र्याचे काय करावे?

घ्यावे, आणि कारणे न उकरता घ्यावे. विचारपूस कठोर झाली की पुढच्या वेळी लोक कुत्रा परत आणण्याऐवजी रस्त्यावर सोडतात. लांब केसांचे कुत्रे बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या वयात, पहिल्या मोठ्या केसगळतीनंतर परत येतात. म्हणून पहिल्या होळीच्या आधी आम्ही प्रत्येक घरी स्वतः फोन करतो, आणि घर ग्वाल्हेरमध्येच असेल तर फणी घेऊन एक संध्याकाळ तिथे जातो. अंगणात जुनी चादर अंथरून घरच्या त्या एका माणसाच्या हातात फणी द्यायची, पहिला पदर उचलून दाखवायचा आणि बाकीची पाठ त्याच्याकडूनच विंचरून घ्यायची.